डबा खाली पडत नाही

बगची, म्हणजे गेममधल्या चुकीची, नोंद एका ओळीची होती. "लघुग्रहावर हातातला डबा सोडला की तो तिथेच लटकतो, खाली पडत नाही." सोबत दहा सेकंदांची क्लिप. अंतराळवीर मूठ उघडतो आणि अवजारांचा पिवळा डबा त्याच्या कमरेजवळ तसाच थांबून राहतो.

अंतराळ-संशोधनाच्या आमच्या गेममध्ये लघुग्रहांचं डिझाइन माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी सगळ्या टीमला बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, दाखवायचा होता आणि मी धास्तावलेली होते. धास्तीचं कारण डबा नव्हता. आमचे लघुग्रह कंटाळवाणे झाले होते. जहाज जवळ न्यायचं, लेझर मारायचा, धातूचे तुकडे गोळा करायचे, की पुढचा दगड. टेस्टर पहिले तीन-चार दगड हौसेने फोडायचे आणि मग पुन्हा तिकडे फिरकायचेही नाहीत. मी लोखंडाला निकेल जोडलं, निकेलला प्लॅटिनम जोडलं, पण खेळणाऱ्याला सगळे दगड सारखेच वाटत होते.

क्लिप घेऊन मी फिजिक्सचा कोड लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "अगं, काल मी सगळ्या छोट्या लघुग्रहांना बेन्नूचे आकडे घातलेत. आधी तिथे चंद्राचं गुरुत्व होतं." बेन्नू हा खराखुरा लघुग्रह, जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद. तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी.

आम्ही दोघं टेस्टरच्या मशीनपाशी जाऊन बसलो. खेळ सुरू होतो तिथल्याच लघुग्रहावर, ध्रुवाजवळ, मीटरभर उंचीवरून त्याने डबा सोडला आणि मी स्टॉपवॉच दाबलं. पहिल्या दहा सेकंदांत डबा सरकला फक्त ४ मिलिमीटर. डोळ्यांना ते कळतच नाही. मिनिटभरात साधारण १४ सेंटिमीटर. मग हळूहळू डब्याची सावली त्याच्या जवळ येऊ लागली. २ मिनिटं ४० सेकंदांच्या सुमारास तो मुंगीच्या चालीने जमिनीला टेकला, टेकल्याजागचे दोन-चार खडे उचलले गेले आणि डबा त्यांच्याबरोबर पुन्हा वर निघाला. आम्ही तिघंही स्क्रीनला नाक लावून बसलो होतो.

त्यानंतर टेस्टरने कंट्रोलर सोडलाच नाही. त्याने उडी मारली, आणि तो गेलाच! बेन्नूवरून सुटायला सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. माणसाची साधी उडी त्याच्या कितीतरी पट जोराची असते. पाठीवरच्या थ्रस्टरने कसाबसा परत आला. मग त्याने जहाज उतरवलं, तर जहाजाचे पाय दगडांत रुतत चालले. निघायला इंजिन चालू केलं तर खालचे दगड कारंज्यासारखे उधळले. मी पृष्ठभाग सुट्या दगडांचा करून घेतला होता तो केवळ दिसायला छान म्हणून. पण खरा बेन्नू असाच आहे, आपल्याच अशक्त ओढीने धरून ठेवलेला ढिगारा. २० ऑक्टोबर २०२० रोजी नासाचं ओसायरिस-रेक्स यान नमुना घ्यायला तिथे टेकलं तेव्हा त्याचा हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. झाकणात खडे अडकले, काही माल अंतराळात सांडला, तरी २०२३ मध्ये पृथ्वीवर १२१.६ ग्रॅम पोहोचला.

टेस्टर त्या एका दगडावर चाळीस मिनिटं होता. लेझरला त्याने हातही लावला नाही.

दुपारी मी धातूंची यादी बाजूला ठेवली आणि लघुग्रह नव्याने मांडायला घेतले. काळसर, कार्बनी लघुग्रहांच्या मातीसारख्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. ते तापवून काढायचं, विजेने त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचा, की इंधन तयार. सुटी माती जहाजाभोवती रचली तर किरणोत्सारापासून आडोसा मिळतो. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गिरकी. दोनशेएक मीटरहून मोठे लघुग्रह २.२ तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फेरी मारताना क्वचितच सापडतात, कारण त्याहून जोरात फिरलं तर ढिगाऱ्यातले दगड सुटून जातील. म्हणजे एखादा छोटा दगड दहा मिनिटांत फेरी मारत असेल, तर तो बहुधा अखंड कातळ आहे. तिथे जहाजाचा नांगर रुतवता येईल, पण उतरणं जिकिरीचं. संथ फिरणारा असेल तर उतरणं सोपं, माती ओंजळीने उपसता येईल, मात्र पायाखाली भरवसा नाही. खेळणाऱ्याने लांबूनच दुर्बिणीत रंग पाहावा, फेरी मोजावी आणि मगच ठरवावं. दगडांची गर्दीही मी काढून टाकायला सांगितली. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात किलोमीटरभराच्या दोन लघुग्रहांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात असतं, त्यामुळे एक सापडणं हीच कमाई वाटायला हवी.

मी ती बगची नोंद बंद करायला गेले, तेव्हा टेस्टर मागून म्हणाला, "थांब. पण मी डबा सोडला होता तो दगड हा नव्हे. तिकडचा."

तिकडचा म्हणजे नकाशाच्या शून्यबिंदूपासून शंभर किलोमीटरवरचा. तिथे आम्ही डबा सोडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, डबा जागचा हलेना. सहकाऱ्याने कपाळावर हात मारला. आमच्या गेममध्ये वस्तूची जागा ३२ बिटांच्या आकड्यात साठवलेली असते. शून्यबिंदूपासून जितकं लांब जावं तितकी त्या आकड्याची सगळ्यात लहान पायरी मोठी होते. शंभर किलोमीटरवर ती जवळजवळ ८ मिलिमीटरची होते, आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, डबा सरकतो त्याहून कितीतरी कमी. ती हालचाल दर वेळी पुसली जात होती. टेस्टरची नोंद शब्दशः खरी होती आणि मी ती वाचून न बघताच निकालात काढत होते.

बिल्ड दाखवणं आम्ही दोन तास पुढे ढकललं. सहकाऱ्याने शून्यबिंदू खेळणाऱ्याबरोबर सरकेल अशी सोय केली. टेस्टर पुन्हा तिकडच्या दगडावर गेला, ध्रुवापाशी उभा राहिला आणि त्याने मूठ उघडली. या वेळी स्टॉपवॉच त्याच्याच हातात होतं. नोंद बंद करताना त्याने खाली लिहिलं: "२ मिनिटं ३९ सेकंद. पडतो."