उंडो फॉन्ट: शिरोरेषा मार्गी लागली, आता जोडाक्षरं

मंडळी, मी करत असलेल्या 'उंडो' या गोलसर देवनागरी फॉन्टचं सगळ्यात जाड वेट (म्हणजे अक्षरांची जाडी) आता पाटीवर लावण्याजोगं झालंय. नाव गोव्यातल्या उंडो या गोल पावावरून ठेवलंय, हे गोंयकारांना सांगायला नकोच.

गोलसर देवनागरी म्हणजे कोपरे घासले की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शिरोरेषा हातात घेऊन बघावी. लॅटिनमधलं अक्षर सुटं उभं राहतं, टोकं हवी तशी गोल करा. आपल्याकडे रेषा शब्दाच्या दोन्ही टोकांना गोल हवी आणि मधे अखंड. अक्षर ज्या चौकटीत काढतो ती १००० युनिटची; तिच्यात माझी शिरोरेषा १५० जाड आहे, म्हणजे टोकाचं अर्धवर्तुळ ७५ त्रिज्येचं. ते मी अक्षराच्या रुंदीबाहेर काढलं. शब्दाच्या मधे ते शेजारच्या रेषेखाली लपतं, कडेला मात्र दिसतं. कुठलाही खास कोड लागत नाही. फक्त दोन्ही बाजूंनी ७५ आत घुसल्यामुळे दोन शब्दांमधली २३० ची स्पेस डोळ्यांना ८० दिसते, म्हणून ती ३८० केली.

खरी गंमत ध आणि भ यांची. यांच्या डोक्यावरची फट हीच त्यांची ओळख. शब्दाच्या सुरुवातीला काही होत नाही, पण मधे आले की आधीच्या अक्षराचं अर्धवर्तुळ नेमकं त्या फटीत शिरतं. 'औषधालय'चं 'औषघालय' आणि 'सभागृह'चं 'समागृह'! म्हणून या दोघांना डाव्या बाजूला जास्तीची जागा दिली आणि गाठ जरा खाली ओढली. आता लांबूनही धचा घ होत नाही.

उभ्या दांड्याच्या टोकाला शुद्ध अर्धवर्तुळ ठेवलं तर या जाडीला ते निमुळतं दिसतं. हँडल (वक्ररेषेचा बाक ठरवणाऱ्या दांड्या) ५५ टक्क्यांऐवजी ६५ च्या आसपास नेले की टोक भरतं. कंपासपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

चाचणीला गावांची नावं घेतो. 'फोंडा'त मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना खेटतात, 'वाळपई'त ळच्या दोन्ही पोकळ्या बुजायला बघतात. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मोदक' फॉन्टमध्ये पोकळ्यांच्या जवळजवळ चिराच उरल्यात आणि मोठ्या आकारात ते झकास दिसतं. मला इतकं टोकाला जायचं नाही. त्यांच्याच 'बालू २'ची वेट्स ४०० (नेहमीची जाडी) पासून ८०० (खूप जाड) पर्यंत आहेत, मजकूर थोडा लांब असेल तर सरळ तोच वापरा.

उंडो कुठे शोभेल? सोड्याचा गाडा, बालनाट्याचं पोस्टर, चवथीतल्या माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगलेली चौकट) स्पर्धेचा बॅनर. दोन-तीन शब्द, मोठे. जेवणाच्या दरपत्रकात नको. आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर कृपा करून नकोच, गोव्यात तेही बघायला मिळेल अशी मला भीती आहे.

विनाईल कापून घेणाऱ्यांसाठी: अक्षरं एकमेकांवर चढलेली असल्यामुळे प्लॉटर (विनाईल कापणारं यंत्र) प्रत्येक जोडावर आडवी सुरी फिरवतो. मजकूर आधी कर्व्हमध्ये बदला, मग इंकस्केपमध्ये युनियन किंवा कोरलड्रॉमध्ये वेल्ड करा आणि तेव्हाच फाइल द्या. बाह्यरेषेचा इफेक्ट देतानाही हेच.

पुढचा नंबर जोडाक्षरांचा. 'म्हापसा'तला म्ह बसला. द्ध आणि ष्ट्य या जाडीत एकावर एक रचायचे की हलन्त (पाय मोडल्याची खूण) दाखवून मोकळे सोडायचे, यावर तुमचं काय मत? माझा कल द्ध रचण्याकडे आहे, ष्ट्यचं धाडस होत नाही.