अँथियासच्या पोटाला चिमटा काढू नका

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधला अँथियास हा छोटा रंगीत रीफ मासा दोन-तीन महिन्यांत गेला की पहिला संशय पाण्यावर जातो. अमोनिया शून्य, नायट्रेट आटोक्यात, कोरल फुललेले, मग मासा गेला कशाने? बहुतेक वेळा भुकेने, तेही रोज खायला मिळत असताना.

समुद्रात हे मासे रीफच्या उतारावर प्रवाहाकडे तोंड करून झुंडीने पोहतात आणि वाहत येणारे कोपेपॉड, माशांची अंडी असले बारीक जीव उजेड असेपर्यंत टिपत राहतात. सतत पोहायचं आणि सतत खायचं, असा त्यांचा संसार. संध्याकाळी एकदाच ढीगभर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) टाकलं तर त्यातलं पोटात मावेल तेवढंच जातं, बाकीचं खडकात जाऊन कुजतं. फुगलेलं पोट बघून आपण खूश होतो. पण पोटावर जाऊ नका, मान बघा. डोक्यामागे, पाठीचा पर सुरू होतो तिथलं मांस भरलेलं हवं. मासा समोरून येताना डोकं रुंद आणि पाठ धारदार दिसली, तर तो कित्येक दिवस कमी खातोय.

निवडीपासूनच सांभाळायला हवं. पहिल्यांदा घेत असाल तर लायरटेल किंवा बार्टलेट ही जात. दोन्ही दणकट, आणि पेलेटवर, म्हणजे कोरड्या दाण्यांवर लवकर येतात. कार्बेरी आणि डिस्पार त्यानंतर. जांभळी ट्युका आणि इव्हान्सी कितीही सुंदर दिसल्या तरी हात लावू नका. दुकानात खाणारी ट्युकासुद्धा घरी येऊन रुसते. व्हेंट्रालिस खोल, थंड पाण्यातली. तिला नाशिकच्या एप्रिलमध्ये सांभाळणं म्हणजे चिलरचं बिल भरत बसणं.

सगळ्या अँथियास आधी मादी असतात. नर नसला की कळपातली वरचढ मादी काही आठवड्यांत नर होते. लायरटेलमधला हा बदल नरावर अवलंबून असतो, हे फिशेलसन यांनी १९७० मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून नर शोधत फिरू नका. पाच-सहा लहान माद्या एकाच वेळी सोडा, त्या आपसात ठरवतील. ४५० लिटरच्या टँकला लायरटेलचा एवढा कळप पुरे. तीनच घेतल्या तर सगळा मार सर्वांत खालच्या मादीवर पडतो आणि ती कोपऱ्यात उपाशी राहते. दोन नर या मापाच्या टँकमध्ये नकोतच. वर जाळीचं झाकण लावा, एक सेंटीमीटरपेक्षा मोठं भोक नको. घाबरली की ही उडी मारते.

आता खाणं. सहा लायरटेलच्या कळपाला दिवसाला दोन क्यूब फ्रोझन (गोठवलेलं खाणं) आणि चार वेळा पेलेट, इथून सुरुवात करा आणि मान बघून कमी-जास्त करा. फ्रोझन सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी एक क्यूब आणि संध्याकाळी एक. एक दिवस मायसिस, एक दिवस कॅलॅनस (एक कोपेपॉड), आठवड्यातून दोनदा माशांची अंडी. नुसत्या ब्राइन श्रिंपवर मासा जगतो, पण भरत नाही. मधले चार फेरे ऑटो फीडरचे, १०, १२, २ आणि ४ वाजता, प्रत्येक वेळी छोटी चिमूट. दाणा अर्धा ते एक मिलिमीटरचा. मोठा दाणा ती तोंडात घेते आणि थुंकते, आणि आपल्याला वाटतं खाल्ला.

नवीन माशाला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. वाटीत टँकचं पाणी घेऊन क्यूब वितळवा, त्याच पाण्यात पेलेट दहा मिनिटं भिजवा आणि दोन्ही मिसळून द्या. दर दोन-तीन दिवसांनी पेलेटचं प्रमाण वाढवत न्या. मायसिस चहाच्या गाळणीतून गाळलंत तर चालेल, सायक्लॉप्स हे त्याहून बारीक कोपेपॉड गाळू नका, निम्मा माल वाहून जाईल. गाळल्याने फॉस्फेट जातं हा समज मात्र जरा जास्तच पसरलाय. त्या पाण्यात फॉस्फेट असतं खरं, पण खुद्द मायसिसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं.

फ्रोझन मुंबईहून मागवत असाल तर पाकीट उघडण्याआधी बघा. क्यूबच्या कडा गोल झाल्यात, खणाखणांमध्ये तपकिरी पाणी गोठलंय, म्हणजे कसारा चढताना माल वितळला आणि पुन्हा फ्रीझरमध्ये गेला. असा परत करा.

खाणं टाकलं आणि तोंडात गेलं, यात फरक आहे. अँथियास तळावरचं टिपत नाही. दाणा पाण्यात तरंगत असेल तेवढाच वेळ तिचा. फ्रोझन देताना रिटर्न पंप दहा मिनिटं बंद ठेवा, म्हणजे सगळं ओव्हरफ्लोमधून संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) जाणार नाही. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) बंद करू नका, मंद ठेवा. ड्रॉपरने प्रवाहाच्या तोंडाशी थोडं थोडं सोडा, पाच मिनिटं लागू द्या. ऑटो फीडर ओव्हरफ्लोच्या विरुद्ध टोकाला बसवा आणि त्याखाली पीव्हीसीचा तुकडा असा लावा की दाणे पृष्ठभागाच्या खाली सुटतील. पावसाळ्यात फीडरच्या तोंडाशी दाण्यांचा गोळा होतो आणि मोटर नुसती फिरत राहते. दर चार दिवसांनी ड्रम काढून पुसा, एका वेळी आठवड्याचाच माल भरा.

एवढं खाणं गेलं की फॉस्फेट वाढणारच. इथेच लोक हात आखडता घेतात, आणि कोरल वाचवायच्या नादात कळपाची पाठ बसते. खाणं तोडायचं नाही, घाण काढायची ताकद वाढवायची. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टँकच्या मापाच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. फिल्टर सॉक्स तीन दिवसांत बदला. त्यात अडकलेलं मायसिस काढलं नाही तर ते तिथेच विरघळतं. संपमध्ये कीटोमॉर्फा हे शेवाळ लावून त्याचा लाइट रात्री चालवा. फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम आणि नायट्रेट ५ ते १५ असेल तर शांत बसा. त्यावर गेलं तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) वापरा, पण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून. फॉस्फेट एकदम खाली आलं की कोरल पांढरे पडतात.

नाशिकची एक अडचण चटकन लक्षात येत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत, हवेचा दाब जवळपास ७ टक्के कमी, म्हणून पाण्यात ऑक्सिजनही तेवढाच कमी विरघळतो. एरवी चालून जातं. पण मे महिन्यात पाणी २९ अंशांवर गेलं आणि रात्री दोन तास लाइट गेली, तर सर्वांत आधी वर येऊन धापा टाकते ती अँथियास. एक वेव्हमेकर पृष्ठभाग ढवळेल असा तिरका लावा आणि तो डीसी असेल तर बॅटरी बॅकअपवर जोडा. बॅटरीवरचा एअर पंप हजाराच्या आत मिळतो, तोही ठेवाच. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण फक्त कोरड्या उन्हाळ्यात. जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नावालाच. पंखा चालू असेल तर रोज चार-पाच लिटर पाणी उडतं, ते आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यानेच भरा. डिसेंबरात निफाडकडून गारठा आला की उलटी गत, तेव्हा एका मोठ्या हीटरपेक्षा दोन लहान बरे. एक अडकला तरी टँक उकळत नाही.

मुंबईहून आलेला मासा पिशवीत चार-पाच तास असतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया तेवढा घातक नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानातल्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) आधी विचारा, क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक) तेवढ्यावर ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा आणि मासा लगेच उचलून सोडा. नंतर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी रोज ०.००२ ने वाढवत १.०२५ वर न्या.

क्वारंटाइन चार आठवडे. प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, सहा-सात दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळा एअर स्टोन जोरात. कॉपर (परजीवींवरचं तांब्याचं औषध) एकदम चढवलं तर अँथियास खाणं सोडते, म्हणून चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर या. कुशीवर लालसर जखम दिसली तर ते बहुधा युरोनिमा हा परजीवी, आणि त्यावर कॉपर चालत नाही. दुकानात तसा एक जरी मासा दिसला तर त्या टँकमधलं काहीच घेऊ नका. इथेही खाणं दिवसातून चार-पाच वेळा द्यायचं, म्हणून अमोनिया रोज तपासा आणि पाणी बदलायची तयारी ठेवा.

गावाला जायचं असेल तर पेलेटचे फेरे चारवरून सहा करा, तीन-चार दिवस निभावतं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंना फ्रोझन टाकायला सांगा, पण पाकीट हातात देऊ नका. रोजचा क्यूब वेगळ्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, डबीवर वार लिहा. उरलेलं पाकीट त्यांना सापडणार नाही असं ठेवा, कारण मासे काचेपाशी आले की काकूंना ते कायम उपाशीच वाटणार.