टाउन हॉलमधला समुद्रदेव

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि शेवटी तांबडा-पांढरा, हे ठरलेलंच. भाऊसिंगजी रोडवरचा टाउन हॉल आणि त्यातलं संग्रहालय सहसा राहून जातं. समोरच सीपीआर हे सरकारी रुग्णालय, त्यामुळे रस्त्यावर रिक्षा आणि पेशंटच्या नातेवाइकांची गर्दी. फाटकातून बागेत शिरलं की कलकल ऐकू येते ती वटवाघळांची. उंच झाडांना ती भरदुपारी घोसानं लटकलेली. खाली सावलीत डबे सोडून जेवणारी माणसं त्यांच्याकडे बघतही नाहीत.

इमारत काळ्या दगडाची, टोकदार कमानींची, १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली. न्यू पॅलेस ज्यांनी आखला त्या मेजर मँट यांचंच हे काम. त्यात संग्रहालय आलं ते बरंच नंतर, ब्रह्मपुरीच्या निमित्तानं. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळचं नांदतं गाव उजेडात आलं.

मी आलो होतो तो पोसायडनला भेटायला. ग्रीकांचा हा समुद्रदेव ब्रह्मपुरीतच सापडला. ब्राँझचा, उंचीनं वीतभरही नाही, एक हात उंचावलेला. त्या हातातला त्रिशूळ केव्हाच गेलाय. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांची जहाजं कोकणच्या बंदरांना लागत. तिथला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येई, तसाच हाही आला असणार. घेणाऱ्यानं त्याची पूजा केली की नुसता शोभेला कोनाड्यात ठेवला, कोण जाणे. शेजारी हत्तीवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांचं ब्राँझ आहे, तेही ब्रह्मपुरीचंच. खरं सांगायचं तर कारागिरीत मला हा हत्तीच सरस वाटला.

"देव हाय व्हय ह्यो?" मागून एका आजींनी विचारलं. समुद्राचा, परदेशातला, म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि पुढे गेल्या.

तलवारी-ढालींपाशी पोरांची झुंबड होती, तिथं मी रेंगाळलो नाही. चित्रांच्या दालनात मात्र वेळ गेला. बाबूराव पेंटर यांना आपण सिनेमावाले म्हणून ओळखतो. स्वतःचा कॅमेरा घरी बनवणारा हा माणूस मुळात चित्रकार होता. आणि आबालाल रहिमान! शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा कलावंत रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांच्या काठी बसून पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला. महाराज गेल्यावर त्यानं आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापूरकर सांगतात.

जाणार असाल तर सकाळी जा. नंतर ब्रह्मपुरीपर्यंत पायीच जाता येतं. वर आता वस्ती आहे, पण घाटाच्या बाजूनं टेकाडाचा चढ अजून ओळखू येतो.