हेल्मेट फुटलं की काय होतं?

पडद्यावर अंतराळवीराचं हेल्मेट तडकलं आणि मागच्या रांगेतून शेरा आला, "संपला! आता बर्फ होणार." दिग्दर्शकानेही लगेच त्याच्या चेहऱ्यावर बर्फ चढवला.

तिथेच घोडं पेंड खातं. निर्वात पोकळीत अंगातली उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. ती निघते प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, सावकाश. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवतात ती याचसाठी. डोळे, जीभ अशा ओल्या जागा बाष्पीभवनाने गार पडतात, तेवढंच. थंडीच्या कितीतरी आधी घात करतो तो ऑक्सिजनचा अभाव.

१९६६ साली ह्यूस्टनला, नासाच्या निर्वात कक्षात, जिम लब्लाँ या तंत्रज्ञाच्या सूटची हवेची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत शुद्ध हरपली. शेवटचं आठवत होतं काय, तर जिभेवरची लाळ उकळायला लागल्याचं! कक्षात हवा भरली आणि गडी वाचला.

आणि ते श्वास कोंडून अंतराळात उडी मारणारे नायक? आतली हवा प्रसरण पावते, फुप्फुसं फाटतात. श्वास आधी सोडून द्यायचा असतो. पुढच्या वेळी एअरलॉकचं, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या दोन दारांच्या खोलीचं, दृश्य आलं की पात्राचे गाल बघा. फुगलेले दिसतात का?