बिंदू क्रमांक ४७

पवना जलाशयाकाठची ती मोजणी आटोपून बरेच दिवस झाले, तरी ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, मी लिहिलेला एक शब्द मनातून जात नाही. अर्जदार पुण्याचे होते. काठावर विकत घेतलेल्या गटात रिसॉर्ट बांधण्यापूर्वी त्यांना हद्द कायम करून हवी होती. लगतधारक सत्तरी ओलांडलेले धरणग्रस्त बाबा, नोटीस खिशात घेऊन आमच्या आधीच बांधावर हजर होते.

रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने जागा सांगणारे मोजणीयंत्र, टेकवला की हद्द सापडते, असा लोकांचा समज आहे. रोव्हर केवळ आपण कोठे उभे आहोत ते सांगतो. हद्द सापडते ती जुन्या टिपणातून, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या कच्च्या नकाशातून. येथे तर गटाचा नकाशा धरणाच्या भूसंपादनाच्या नकाशावर बसवायचा होता आणि संपादनानंतरचे कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातील बदलाची नोंद, गटाच्या नकाशावर कधी उतरलेच नव्हते. अशी हयगय एका टेबलावर होते आणि तिचा भुर्दंड गावे पिढ्यान्‌पिढ्या भरतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटत असल्यामुळे पाण्याची कडही धरता येत नाही. तीन जुने दगड शोधण्यात सकाळ गेली. तिसरा करवंदीच्या जाळीत सापडला, तेव्हा कोठे मापे हातभराच्या आत जुळली.

संपादनाची रेषा आखली, तर अर्जदारांचे तारकुंपण तिच्या पलीकडे, धरणासाठी संपादित जमिनीत गेलेले आणि बाबांचे बाराही तंबू पलीकडेच.

धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. कित्येक खातेदारांचे पुनर्वसन अर्धशतकानंतरही रखडलेलेच आहे. लोहगड, तिकोना उतरून येणाऱ्या मुलांना बाबांच्या घरी आधी पिठलं-भाकरी मिळे, पुढे अंगणात पथारी, मग तंबू. त्यातूनच शनिवार-रविवारचा धंदा उभा राहिला. मोठे भांडवल मागून आले आणि आल्याबरोबर त्याने कुंपण घातले.

दुपारी बाबा मला भेगाळलेल्या गाळातून खाली घेऊन गेले. तेथे काळ्या दगडांचा चौकोन उघडा पडला होता आणि एका कोपऱ्यात उखळ होते, गाळाने काठोकाठ भरलेले.

“साहेब, हे आमचं जोतं. मशीन इथंबी लावा की.”

अर्जात नसतानाही मी रोव्हरचा खांब टेकवून बिंदू घेतला. नंतर तुटक रेषेने दोन्ही वहिवाटी दाखवल्या आणि दोन्हींपुढे नियमाप्रमाणे ‘अतिक्रमण’ असे लिहिले. दुसरा शब्द नमुन्यात नाही. बाबांनी जबाब वाचून घेतला आणि सही केली.

जोत्याचा तो बिंदू, क्रमांक ४७, यंत्रात अजून आहे. नकाशावर तो घेता आला नाही.