माद्रिदची बैलझुंज बघायला जाताय? तिकीट खिडकीवरच घ्या

आधी पैशांचं बोलतो, डोकं अजून तापलेलंच आहे. शहराच्या मध्यातल्या पुएर्ता देल सोल चौकाजवळ एका दलालानं "सावलीतली जागा, मोठे मातादोर (बैल मारणारे मुख्य खेळाडू)" असं सांगून आमच्याकडून माणशी 80 युरो उकळले. आत गेलो तर जागा भर उन्हात आणि खेळ नोव्हियादाचा, म्हणजे अजून मातादोर न झालेल्या पोरांचा! हेच तिकीट लास वेंतासच्या, म्हणजे माद्रिदच्या बैलझुंजीच्या रिंगणाच्या, खिडकीवर याच्या पाव किमतीतही मिळालं असतं. तिकिटावर 'सोल' लिहिलं असेल तर ऊन, 'सोम्ब्रा' असेल तर सावली. वाचल्याशिवाय पाकीट काढू नका. मे-जूनमध्ये सान इसिद्रोचा उत्सव असतो, तेव्हा सावलीची तिकिटं बरीच आधी घ्यावी लागतात.

रिंगण 1931 चं, तेवीसेक हजार माणसं मावतात. बसायला नुसता दगड. पाठीला टेका नाही, मागच्याचे गुडघे आपल्या बरगड्यांत. उशी भाड्यानं मिळते, कंजुषी न करता घ्या. अडीच तास काढायचेत.

झुंजणारे तिघे, सहा बैल. झुंज म्हणतात, पण निकाल आधीच ठरलेला असतो. बैलाला जीवदान क्वचितच. मला सगळ्यात जड गेला तो पिकादोरचा, म्हणजे घोड्यावरच्या भालेवाल्याचा भाग, आणि त्याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. डोळा बांधलेला, जाड गादी गुंडाळलेला घोडा. बैल त्याला ढुसण्या देतो आणि वरचा स्वार त्याच्या मानेमागच्या फुगीर स्नायूत भाला रेटतो. हेतू एवढाच, की बैलाची मान खाली यावी. ती आली नाही तर शेवटी शिंगांवरून वाकून तलवार घालता येत नाही. मग बांदेरियांच्या (रंगीत, टोकदार काठ्यांच्या) जोड्या टोचतात आणि शेवटी लाल फडकं. त्यात 10 मिनिटं उलटली की उशीर झाल्याचा पहिला इशारा वाजतो. आमच्या दुसऱ्या पोराची तलवार हाडावर आपटून चार वेळा उडाली. शेजारचे म्हातारे शिट्ट्या मारून त्याची लाज काढत होते. घरी पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्यानं हे बघणं सोपं नाही.

पोरं घडतात कशी ते बघायचं तर मेट्रोनं बाटानला जा. तिथे कासा दे काम्पो या मोठ्या बागेच्या कडेला बैलझुंजीची शाळा आहे, 1985 मध्ये रिंगणात मेलेल्या 'यियो' या मातादोरच्या नावाची. आधी विचारून जा. बैल नसतोच. एक पोरगा हातात शिंगं धरून, वाकून, धापा टाकत धावतो. दुसरा त्याला फडक्याजवळून काढतो आणि मनगट चुकलं की मास्तर ओरडतात. तलवारीचा सराव शिंगं लावलेल्या हातगाडीवर. खऱ्या जनावराशी गाठ पडते ती गोठ्यावाल्यांकडे, कालवडींची पारख चालते तेव्हा. माझं मत विचाराल तर रिंगणापेक्षा ही शाळा बघा.



'बार्सिलोनात बघू' म्हणणाऱ्यांनो, तिथल्या लास अरेनास या जुन्या रिंगणाचा 2011 पासून मॉल झालाय. आणि माद्रिदला मध्येच असह्य झालं तर खुशाल निघा, पण बैल रिंगणात असताना उठू नका. दोन बैलांच्या मधेच रस्ता मिळतो.