खोगीर अपडेट : ठिपके गेले, आणि बॉर्डरचा प्लॅन बदलला

तर मंडळी, ठिपके गेले! म्हणजे अगदी निरखून बघितलं तर दोन-चार दिसतात, पण मागच्या वेळी जे फोटो टाकले होते त्या मानाने गेलेच समजा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. चामड्याचं खोगीर बनवतोय, त्याच्या डाव्या फ्लॅपवर (बाजूला लोंबतं ते चामडं) बायबलमधली रूथ सरवा वेचतेय तो सीन कोरलाय. बायबलच्याच लेवीय 19 मध्ये सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापू नका, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, म्हणून खालचा कोपरा मुद्दाम कोरा ठेवलाय, तिथं पान नाही फूल नाही काहीच नाही. आणि डाग पडले ते नेमके तिथंच. शेजारी फॅब्रिकेशनचं दुकान (जालना म्हणजे स्टीलचंच गाव, बोलायचं कोणाला), ग्राइंडर सुरू झाला की बारीक कीस उडतो, तो केसिंग केलेल्या (कोरण्यासाठी भिजवून मऊ केलेल्या) ओल्या वेज टॅनवर, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्यावर बसला की टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळं होतं. मिरपूड भुरभुरल्यासारखा कोपरा दिसत होता, डोकंच फिरलं.

निम्म्या लोकांचा सल्ला, त्यावर वेल कोर नाहीतर डार्क ब्राऊन डाय मार. अरे पण कोपरा भरला तर मग सोडलं काय?

शेवटी असं केलं. आधी चुंबक वरून फिरवून सुटा कीस उचलला, पुसायचं नाही, पुसला की कण आत रुततो. मग लिंबाचा रस गाळून कापसाने अख्ख्या कोपऱ्यावर एकसारखा लावला, नुसत्या ठिपक्यावर लावला तर कडा उमटतात. बरेचसे ठिपके डोळ्यांदेखत फिके पडले राव! जे हट्टी होते त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडचं एकदम पातळ पाणी, ग्लोव्हज घालूनच, विषारी असतं ते. नंतर फिल्टरच्या पाण्याने भरपूर धुतलं आणि सावलीत वाळवलं. कोपरा जरा उजळलाय, नीट्सफूट तेलाचा हलका हात दिला की मिळून येईल.

रूथच्या सीनमधली सातूची कुसळं मात्र बघाच. ज्वारीचं कणीस कोर म्हणणारे बरेच होते, पण बेथलेहेमात हंगाम सातूचा, आणि स्विव्हल नाइफला (चामड्यावर रेघा कापायची फिरती सुरी) कुसळाइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. स्टॅम्प मात्र ऑनलाइन घेताना जपून, माझ्या बेव्हलरचं (रेघेची कड दाबायचा स्टॅम्प) प्लेटिंग आत्ताच सुटायला लागलंय.

आता हे लिहिता लिहिताच सुचलं, ज्या लोखंडाने छळलं त्याचंच व्हिनेगरून (लोखंड आणि व्हिनेगरचं काळं करायचं पाणी) का करू नये? कीस व्हिनेगरमध्ये मुरवला की वेज टॅन आतपर्यंत काळं होतं आणि डायसारखा रंग पँटला लागत नाही. म्हणजे ब्राऊन बॉर्डर कॅन्सल, बॉर्डर आणि तंगाचे (पोटाखालून आवळायचे) पट्टे काळे. आधी तुकड्यावर बघतो. उजव्या फ्लॅपवर बायबलमधल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्या (छोटी नाणी) आहेत, त्या तांब्याच्याच राहतील.

खोगीर आपल्या गल्लीतल्या वरातीच्या घोडेवाल्या मामांना द्यायचंय, पैसे घ्यायचे नाहीत. त्यांच्या घोडीची पाठ जुन्या खोगिराने सोललीय, म्हणून पुढच्या आठवड्यात नक्षी बंद, आधी ट्री (खोगिराचा आतला सांगाडा) बसवून बघणार. मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली नाही तर रूथ काय आणि त्या शेताचा मालक बवाज काय, घोडीला सगळं सारखंच.

बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात घोड्यांच्या घंटांवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ लिहिलेलं असेल असं आहे, तसं छातीवरच्या पट्ट्याला करायचा विचार आहे. जाड पितळी घंटा, ज्यावर अक्षरं कोरता येतील, नांदेड-लातूरकडे कुठं मिळतात? माळेगावच्या (नांदेड जिल्हा) जनावरांच्या यात्रेपर्यंत थांबायची तयारी नाही, माहिती असेल तर सांगा.